दोन बोटं माया

‘मॅडम, मी पूर्वीसारखी कधी होणार?’

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत बाळंतिणींकडून हा प्रश्न आला नाही असा महिना जात नाही. कुणी रडत विचारतं, कुणी हसत. कुणी बाळाच्या झोपेबद्दल बोलायला म्हणून येतं आणि जाताना चप्पल घालता घालता विचारतं. परवा एकाच आठवड्यात तिघींनी विचारलं, तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. स्नेहलची गोष्ट सांगते. नाव बदललंय, घरचे काही तपशीलही बदललेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

स्नेहल एकोणतीस वर्षांची, एका सहकारी बँकेत कॅशला. माहेर गडहिंग्लजकडचं, सासर मंगळवार पेठेत. मुलगी साडेचार महिन्यांची. २६ आठवड्यांची रजा संपायला सहा आठवडे उरले होते आणि काउंटरवर बसल्यावर येणारीजाणारी माणसं काय म्हणतील याचा तिनं असा धसका घेतला होता की राजीनाम्याचा मजकूर मोबाइलमध्ये लिहून तयार होता.

पहिल्या भेटीत मी पोटाचा विषय काढलाच नाही. बाळंतिणीचं मन आधी बघायचं, ही माझी रीत. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू फुटणं पुष्कळ जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढंही रडणं थांबत नसेल, बाळ झोपलं तरी आईला झोप येत नसेल, बाळाकडं बघून काहीच वाटत नसेल, तर त्याला ‘बाळंतपणात होतंच असं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. तो आजार आहे आणि बरा होतो. तो ओळखायला स्कॉटलंडमध्ये तयार झालेली, १९८७ साली प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची एक यादी मी आजही वापरते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो मी कधीच घाईत विचारत नाही. त्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर माझ्या खोलीत बसून बोलत राहण्यात अर्थ नसतो, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री कुणी सापडत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा मोफत नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावा.

स्नेहलचं तसं नव्हतं. ती दमलेली होती, चिडलेली होती आणि उपाशी होती. हो, उपाशी. दिवसभरात काय खातेस, विचारलं तर सांगितलं ते असं: सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी आणि एक चपाती, रात्री सूप. हे कुठल्याशा व्हिडिओतलं. मग चार वाजता आत्या, म्हणजे सासूबाई, शेजारी गेल्या की फ्रिजचं दार उघडायचं, त्या दाराआड उभं राहून मम्मीनं पाठवलेले डिंकाचे लाडू खायचे. एक नाही, तीन. डबा परत ठेवताना झाकणाचा आवाज होऊ द्यायचा नाही.

‘आणि मग?’

‘मग रात्री काहीच नाही.’

मी तिला रक्त तपासून यायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.६ निघालं, थायरॉइड ठीक. लोहाच्या गोळ्या? ‘त्या बाळंतपणापर्यंतच असतात ना?’ हा समज एवढा पसरलाय की त्याची मला चीड येते. सरकारी कार्यक्रमातही ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भारपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस आहे. ती चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. तिचा निम्मा थकवा तर इथंच होता. हिमोग्लोबिन एवढं खाली असताना गोळी किती, कशी, ते तिच्या डॉक्टरांकडून ठरवून आणायला सांगितलं. माझ्या कामात नसलेली गोष्ट माझ्या कामाच्या आधी करावी लागते, हे मला उशिरा कळलं. सुरुवातीच्या काळात मी रक्ताच्या कमतरतेलाही विचार बदलायला सांगत होते की काय, कोण जाणे.

दुसऱ्या भेटीत मी तिचाच प्रश्न तिला परत दिला.

‘पूर्वीसारखी म्हणजे कधीसारखी?’

तिनं मोबाइल काढला. लग्नातला फोटो. मोरपंखी शालू, नथ, बावन्न किलो.

‘छानच दिसतेस. त्या दिवशी जेवली होतीस?’

ती हसली. ‘कुठलं? लग्नाआधी दोन महिने डाएटच होतं. फोटोसाठी.’

‘आणि त्याच्या आधी वजन किती?’

‘छप्पन. सत्तावन्न.’

‘लग्नानंतर?’

‘तीन महिन्यांत परत तेवढंच.’

ती गप्प झाली. मीही काही बोलले नाही. गप्प बसणं हे मला शिकायला दहा वर्षं लागली आहेत, त्यामुळं त्याचा मला थोडा अभिमान आहे. ज्या ‘पूर्वी’साठी ती साडेचार महिने स्वतःला उपाशी ठेवत होती, तो तिच्या आयुष्यातला जेमतेम एक आठवडा होता, आणि तोही उपाशीपोटी काढलेला. पुढं कित्येक जणींना मी हाच प्रश्न विचारला. कुणाची ‘पूर्वीची मी’ कॉलेजच्या पहिल्या वर्षातली असते, कुणाची टायफॉइडमधून उठल्यावरची. एकीची तर स्वतःची नव्हतीच, जावेची होती.

मी ज्या पठडीत शिकले तिथं माणसाच्या बोलण्यातला ‘च’ ऐकायला शिकवतात. ‘बारीक व्हावंसं वाटतं’ ही इच्छा, तिच्यामुळं माणूस संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जातो. ‘रजा संपेपर्यंत बारीक झालंच पाहिजे’ यातल्या ‘च’मुळं माणूस फ्रिजच्या दाराआड जातो. स्नेहलला हे मी सांगितलं, तिला पटलं, आणि पटूनही काही फरक पडला नाही. तिसऱ्या भेटीला ती तशीच, ओढणी पोटावर घट्ट धरून.

मग मी शरीराचा हिशेब मांडला. मान्य आहे, यात मी जरा मास्तरीण होते.

‘बाळ झालं त्या दिवशी तुझी गर्भपिशवी साधारण किलोभर वजनाची होती. गुळाची किलोची ढेप असते ना, तेवढी. सहा आठवड्यांत ती साठेक ग्रॅमवर आली. एक मोठं लिंबू. हे तू काही न करता झालं. पोटाच्या स्नायूंना मात्र एवढी घाई नसते. नऊ महिने ते मधोमध ताणले गेलेत, कधी दोन्ही बाजूंना सरकलेतही. ते हळूहळू जवळ येतात, काहींचे पूर्ण येत नाहीत. अशा वेळी व्हिडिओ बघून पाठीवरून उठाबशा काढल्या तर पोट उलट पुढं येऊ शकतं. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.’

‘आणि केस? मूठमूठ जातात.’

‘गर्भारपणात गळायचे केस गळलेच नव्हते. ते आता एकदम जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतं, वर्षाच्या आत बहुतेक जणींचं थांबतं.’

खाण्याचं तर आपल्याकडं राजकारणच असतं. तिच्या ताटावर तिघांचा हक्क होता. मम्मी म्हणणार खा, अंगावर पाजतेस. गडहिंग्लजहून डिंकाचे, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, आणि रविवारी मटणाची अळणी. आत्या म्हणणार पाणी कमी पी, पोट सुटतं. मोबाइल म्हणणार सोळा तास काही खाऊ नको. अळणीबद्दल आणि अळिवाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अळिवात लोह चांगलं असतं, आणि तिखट पडायच्या आधीचा तो रस्सा बाळंतिणीला पाजणाऱ्या आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. पाणी तोडण्याला मात्र काहीच आधार नाही. पाजणाऱ्या बाईला तहान लागते ती खरी असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत गर्भारपणात रोज ३५० कॅलरी जादा सांगितल्यात आणि अंगावर पाजताना पहिले सहा महिने ६००. म्हणजे पोटुशी असताना ‘दोघांचं खा’ हे चूक, कारण ते जादाचं खाणं एक भाकरी आणि वाटीभर उसळीएवढंच आहे. आणि बाळंतपणानंतर ‘आता पुरे’ हेही चूक, कारण खरी भूक तर आत्ता आहे. आपण नेमकं उलटं करतो. एका बऱ्यापैकी डिंकाच्या लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. सकाळी ताटलीत घेऊन, बसून, सगळ्यांदेखत एक खाल्ला तर तो खाऊ आहे. वजन हळूहळू, महिन्याला दीड-दोन किलो उतरलं, तर दुधाला सहसा धक्का लागत नाही.

विषय निघालाच आहे तर दिवस जायच्या आधी येणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ठरवल्या दिवसापासून सुरू करावी, पाळी चुकल्यावर नको, कारण बाळाच्या मणक्याची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होऊन जाते. आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध कोल्हापूरकराचा जीव की प्राण असलं तरी गर्भारपणात दूध उकळूनच. सासरे कितीही आग्रह करोत. कच्च्या दुधातून येणारे जंतू पोटातल्या बाळापर्यंत पोचतात.

असो. स्नेहलकडं येते.

बोलता बोलता ती म्हणाली की लग्नाच्या शालूवरचा ब्लाऊज कपाटाच्या मुठीला टांगलाय. दर रविवारी आंघोळीनंतर घालून बघते. हुक लागत नाहीत. लागत नाहीत म्हणून त्या दिवशी जेवत नाही.

‘पुढच्या वेळी तो घेऊन ये.’

हे मी का म्हणाले, आजही नीट सांगता येणार नाही. माझी आई शिवणकाम करायची, त्यामुळं कपडा समोर आला की मला तो उलटा करून बघायची खोड आहे, एवढंच. ती पिशवीतून ब्लाऊज घेऊन आली, जणू पुरावा आणावा तसा माझ्या टेबलावर ठेवला. मोरपंखी, जरीकाठाची बाही. मी उलगडला, आमच्या दोघींच्या मध्ये धरला.

‘स्नेहल, हा कुठवर येतो?’

‘म्हणजे?’

‘अंगावर घातल्यावर कुठं संपतो?’

तिनं बरगडीखाली हात लावला. मग हात तिथंच राहिला.

‘हा पोटावर येतच नाही की,’ ती म्हणाली.

‘मग हुक कशानं लागत नाहीत?’

तिच्या लक्षात यायला वेळ लागला. मांडीवरची मुलगी तेवढ्यात चुळबुळायला लागली, ओढणीत तोंड खुपसायला लागली, आणि स्नेहल इतक्या जोरात हसली की बाहेर बसलेल्या आत्यांनी दारातून डोकावून बघितलं. साडेचार महिने ती पोटाला शिक्षा देत होती, आणि ब्लाऊज अडत होता तो दुधापाशी.

मग मी तो उलटा केला. बाजूच्या शिवणीत तीन टिपा मारलेल्या होत्या, एकाशेजारी एक, आणि त्यांच्या पलीकडं दोन बोटं कापड मोकळं ठेवलेलं. दोन्ही बाजूंना.

‘याला काय म्हणतात माहीत आहे?’

‘माया,’ ती म्हणाली. ‘टेलरकाका म्हणाले होते, माया भरपूर ठेवलीय, पुढं लागंल.’

महाद्वार रोडच्या बोळातला तो टेलर. बावन्न किलोची नवरी समोर उभी होती तेव्हाच त्याला माहीत होतं की बाईच्या अंगाला पुढं जागा लागते, आणि ती त्यानं आतून, कुणाला न दिसेल अशी ठेवली होती. मी हे काहीच बोलले नाही. ती त्या कापडावरून बोट फिरवत होती. आतापर्यंतच्या सगळ्या भेटींत ती माझ्याशी ‘मी आले, मी केलं’ असं जपून, पुस्तकी बोलायची. आमच्याकडच्या मुली घरात ‘मी आलो, मी केलो’ म्हणतात. परक्यासमोर सावरून घेतात. त्या दिवशी ती मान खाली घालून म्हणाली, ‘लई दमलो ओ मॅडम मी.’

तेव्हा मला कळलं, आता ही बोलायला लागली. ‘च’वरचं माझं सगळं व्याख्यान एकीकडं आणि उलटा केलेला ब्लाऊज एकीकडं. सतरा वर्षांच्या कामात अशा दुपारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

पुढच्या भेटी लहान होत्या. लाडू ताटलीत आला, तोही आत्यांच्या समोर. कॉफीच्या जागी सकाळी भाकरी, अंडं किंवा उसळ. फिजिओथेरपिस्टनं श्वासाचे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले. राजीनाम्याचा मजकूर तिनं माझ्यासमोर पुसला. त्यानंतर दोन महिन्यांत वजन तीन किलो उतरलं, पण ते तिनं मी विचारल्यावर सांगितलं. बँकेत पहिल्याच दिवशी एका बाईनं ‘अगं, केवढी सुटलीस’ म्हटलंच. हिनं म्हणे पावतीवर शिक्का मारत ‘व्हय, पाजतोय अजून’ म्हणून सांगितलं.

ब्लाऊजची एकच टीप उसवावी लागली. दोन अजून आहेत.

शेवटच्या भेटीला आत्या बाळाला घेऊन आत आल्या. स्नेहल पैसे द्यायला बाहेर गेली तशा त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि दाराकडं बघत हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, ते तळाच्या स्नायूंचं काय ते सांगितलाय हिला… मला खोकला आला की थोडं लुगडं भिजतंय. हिचा नवरा झाला तवापासनं. बत्तीस वर्षं झाली. आता करून चालंल का?’

मी त्यांना खुर्चीत नीट मागं सरकून बसायला सांगितलं, आणि फिजिओथेरपिस्टचा नंबर लिहायला कागद घेतला.