दुचाकीचा मागचा शॉकअप गळतोय, दुरुस्त करू की नवा टाकू?

शॉकअपच्या दांडीवर तेलाचा ओघळ आहे आणि खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तेल आत अडवणारं ऑइल सील गेलंय. धक्का स्प्रिंग झेलते, पण तिची उसळी आवरतं ते आतलं तेल. सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन गाडी थांबली नाही, तर शंकाच नको.

दुरुस्ती जमेल का, हे दांडीवर ठरतं. पुसून नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवं सील काही दिवसांत पुन्हा फाटेल. शिवाय बरेच मूळ शॉकअप खोलण्यासारखे नसतातच. गॅसवाला तर घरी उघडूच नका, आत दाब असतो.

नुसता खटखट आवाज असेल तर आधी शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश बघा, बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

दोन शॉकअप असतील तर जोडीच बदला. एक नवा, एक जुना ठेवला की गाडी वळणावर विचित्र वागते. मेन स्टँडवर लावून एका वेळी एकच बाजू काढा, म्हणजे चाक खाली लोंबत नाही. स्प्रिंगचा ताण दोन्हीकडे सारख्याच खाचेवर ठेवा.