प्रश्न तुमचे : जुन्या पेडल स्टीलचा पिकअप

पेडल स्टील गिटारच्या पिकअपबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी केलेली, तारांवर धातूचा बार सरकवून आणि पेडलांनी स्वर बदलून वाजवायची गिटार. पिकअप म्हणजे तिच्या तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारी, चुंबकांभोवती गुंडाळलेली कॉइल. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : कोणता नवा पिकअप घेऊ? निम्म्या वेळा याचं खरं उत्तर ‘कोणताच नको’ असं निघतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : माझ्याकडे सत्तरच्या दशकातलं शो-बड कंपनीचं पेडल स्टील आहे. एकच नेक (तारांचा संच), दहा तारा, ई नाइन ट्यूनिंग. काही महिन्यांपासून आवाज बारीक झालाय आणि मध्येच खरखरतो. पिकअप गेला असं समजून नवा मागवू का?

उत्तर : आधी मोजा, मग मागवा. खरखर ऐकू आली की सगळे पिकअपकडे बोट दाखवतात. पण या वाद्यात सर्वांत जास्त झिजतं ते व्हॉल्यूम पेडलमधलं पोटेन्शिओमीटर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा बदलता रोध, कारण वाजवणाऱ्याचा पाय त्यावर सतत हलत असतो. दुसरी, खात्रीची केबल घ्या आणि पेडल वगळून गिटार थेट अँपला जोडा. खरखर गेली तर पेडलमधला भाग बदला. ५०० किलोओहमचा, लॉगरिदमिक प्रकारचाच घ्या. नाही गेली तर गिटारचा जॅक आणि नंतर पिकअप तपासा.

मोजायला साधा मल्टीमीटर पुरतो, पण दोन चुका टाळा. पहिली म्हणजे पेडल जोडलेलं ठेवून मोजणं. कॉइल तुटलेली असली तरी मीटर पेडलचेच ५०० किलोओहम दाखवतो आणि कॉइल शाबूत असल्याचा भास होतो. चांगली कॉइलही जरा कमी दिसते, १७ किलोओहमची १६.४ दिसते. दुसरी चूक म्हणजे मीटर २० किलोओहमच्या पट्टीवर ठेवणं. स्टीलचे काही पिकअप २० च्या पुढे जातात. तेव्हा पडद्यावर नुसता ‘१’ उमटतो आणि धडधाकट पिकअप मेला म्हणून काढून ठेवला जातो. पट्टी २०० किलोओहमवर ठेवा, गिटारच्या जॅकमध्ये मोकळी केबल घाला आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगचं टोक व बाहेरची नळी यांच्यात मोजा.

साध्या सहा-तारी गिटारचा सिंगल कॉइल पिकअप ६ ते ८ किलोओहमच्या आसपास असतो. पेडल स्टीलचा साधारण १५ ते २० भरतो. आकडा या टप्प्यात आणि स्थिर असेल तर कॉइल बहुधा ठीक आहे. बहुधा एवढ्यासाठी, की आतले थोडेच वेढे एकमेकांना चिकटले असतील तर आकडा फारसा हलत नाही, पण आवाजातला वरचा भाग आणि जोर दोन्ही जातात. मोजताना पिकअपच्या कडेला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी द्या. आकडा नाचला तर कुठेतरी तार जेमतेम टेकून आहे.

२०० किलोओहमच्या पट्टीवरही नुसता ‘१’ उमटला तर कॉइलची तार तुटली आहे. तरीही थोडा आवाज येतोच. तुटलेल्या दोन टोकांमधल्या सूक्ष्म धारितेतून (कपॅसिटन्समधून) उंच स्वर पार होतात, खालचे अडतात. तुम्ही लिहिलेला ‘बारीक’ आवाज याच जातीचा वाटतो.

तुटण्याची आवडती जागा म्हणजे कॉइलची तार बाहेरच्या जाड तारेला जोडली आहे तो सोल्डरचा डाग. भिंगाखाली पाहा. तिथे हिरवट ठिपका असेल तर घाम आणि दमटपणा तांब्यापर्यंत पोचलाय. तुटलेलं टोक बाहेरच्या वेढ्याचं असेल तर नशीब चांगलं. एखादा वेढा उलगडा, टोकाकडचं ५ मिमी इनॅमल (तारेवरचा विद्युतरोधक लेप) ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने अलगद खरवडा आणि डाग द्या. जुनं इनॅमल सोल्डरच्या उष्णतेने जळत नाही, म्हणून खरवडावंच लागतं. ४२ गेजची (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, तो मोठा तशी तार बारीक) तार जेमतेम ०.०६ मिमी जाड असते, पेपर दोन बोटांत धरून एकदाच ओढायचा. तुटलेलं टोक आतल्या, सुरुवातीच्या वेढ्याचं असेल तर कॉइल पुन्हा गुंडाळण्याला पर्याय नाही.

आणि गुंडाळूनच घ्या, हे आमचं ठाम मत आहे. जुन्या शो-बडचा किंवा एमन्सचा (ही पेडल स्टीलचीच आणखी एक कंपनी) आवाज त्या चुंबकांचा, त्या साच्याचा आणि त्या बसवणीचा असतो. त्यातली फक्त तार गेली असेल तर फक्त तारच बदलावी. कारागिराला चार गोष्टी लिहून द्या : तारेचा गेज, मूळ किंवा हवा असलेला रोध, गुंडाळण्याची दिशा आणि चुंबकाचं कोणतं टोक वर आहे ते. शेवटच्या दोन गोष्टी काम देण्याआधीच टिपून ठेवा. चुंबकाचं टोक होकायंत्र जवळ धरल्यावर कळतं.

प्रश्न : दहा तारांचा कोणताही पिकअप दहा तारांच्या स्टीलवर बसतो का?

उत्तर : नाही. पैसे इथेच सर्वांत जास्त वाया जातात. मागवण्याआधी तारांमधलं अंतर, स्क्रूंमधलं अंतर, पिकअपची लांबी-रुंदी आणि खाली उपलब्ध असलेली खोली एवढी मापं घ्या.

तारांचं अंतर नटपाशी (ट्यूनिंगकडच्या टोकाला) किंवा चेंजरपाशी (पेडल दाबल्यावर तारा ओढणाऱ्या, पिकअपकडच्या यंत्रणेपाशी) नको, अगदी पिकअपच्या वर मोजा. कडेच्या दोन तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून ९ ने भागा. उदाहरणार्थ ७८.५ मिमी भरलं तर एका घराचं, म्हणजे शेजारच्या दोन तारांमधलं, माप ८.७२ मिमी. समजा नव्या पिकअपचं घर ०.३ मिमीने लहान आहे. मधून जुळवून बसवलं तर दोन्ही टोकांच्या तारा आपापल्या पोलपीसच्या (तारेखालच्या चुंबकाच्या कांडीच्या) मध्यापासून १.३५ मिमी बाहेर जातात. नेहमीची चुंबकाची कांडी सुमारे ४.८ मिमी व्यासाची असते, त्यामुळे तार अजून कांडीवरच राहते आणि चालून जातं. फरक दर घराला अर्ध्या मिलीमीटरच्या पुढे गेला की टोकाच्या तारा कडेवर येतात आणि दबतात. सलग पट्टीचा, म्हणजे ब्लेडचा पिकअप असेल तर ही काळजीच नाही.

स्क्रूंच्या बाबतीत ‘नॅरो माउंट’ आणि ‘वाइड माउंट’ असे दोन प्रकार कानावर येतील. नावावर जाऊ नका, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे मिलीमीटर विक्रेत्याला कळवा. खोली मोजताना पेडलांची ओढ चेंजरपर्यंत नेणारे, खालून जाणारे रॉड आणि क्रॉसशाफ्ट यांच्याकडेही पाहा. हमबकर, म्हणजे घुमणं कापणारा दोन कॉइलचा पिकअप, अनेकदा मूळ सिंगल कॉइलपेक्षा खोल असतो. वर सगळं छान बसलेलं दिसतं, आणि पेडल दाबलं की रॉड पिकअपच्या तळाला घासतो.

जुन्या फेंडर ४०० आणि १००० मॉडेलवर दर नेकला ८ तारा आहेत. तिथे दहा तारांचा पिकअप बसवायला लाकूड किंवा धातू कोरू नका. कोरलेलं परत भरून येत नाही. मूळ पिकअपच गुंडाळून घ्या.

प्रश्न : जितके किलोओहम जास्त तितका आवाज मोठा, हे बरोबर का?

उत्तर : एकाच साच्यावर, त्याच चुंबकांवर आणि त्याच गेजच्या तारेवर तुलना असेल तर साधारण बरोबर. नाहीतर हा आकडा फसवा आहे. ४३ गेजची तार ४२ पेक्षा बारीक, त्यामुळे तेवढ्याच लांबीला तिचा रोध सुमारे चौथा हिस्सा जास्त. म्हणजे वेढे तेवढेच ठेवून नुसती तार बदलली तरी १६ चे २० किलोओहम होतात आणि जोर जवळपास तोच राहतो. हवामानही आकडा हलवतं. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना १७ भरलेला पिकअप ३० अंशांना १७.६ च्या पुढे दिसेल. दोन विक्रेत्यांच्या आकड्यांतल्या अर्ध्या किलोओहमवर वाद घालण्यात अर्थ नाही.

स्टीलच्या पिकअपला इतके वेढे का लागतात? तो चेंजरला अगदी लागून असतो. तिथे तारेचं कंपन लहान आणि आवाज धारदार. जास्त वेढ्यांनी जोर भरून निघतो आणि धारही बोथट होते. जास्त वेढे म्हणजे जास्त इंडक्टन्स (कॉइलचा उंच स्वरांना होणारा विरोध, तो हेन्रीत मोजतात), आणि मग केबल, पेडल सगळ्यांचा परिणाम ठळक होतो. समजा पिकअप ८ हेन्रीचा आहे. स्वतःची धारिता १५० पिकोफॅरड आणि दर मीटरला १०० पिकोफॅरडची ५ मीटर केबल, मिळून ६५०. आवाजाचा शेवटचा उंचवटा सुमारे २,२०० हर्ट्झवर येतो आणि त्याच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. केबल अडीच मीटर केली की तोच उंचवटा २,८०० च्या पुढे सरकतो. एवढा फरक कान लगेच पकडतो. ‘पिकअप मंद वाटतो’ अशी तक्रार असेल तर आधी गिटार ते व्हॉल्यूम पेडल ही केबल आखूड करून पाहा, किंवा दोघांच्या मध्ये १ मेगाओहम इनपुटचा बफर (पिकअपवर भार न टाकता संकेत पुढे देणारं छोटं सर्किट) लावा. पेडलमध्ये चुकून २५० किलोओहमचं पोटेन्शिओमीटर बसलं असेल तरी हाच मंदपणा येतो.

प्रश्न : मूळ सिंगल कॉइल फार घुमतो. हमबकर घालू का?

उत्तर : घुमणं म्हणजे आसपासच्या विजेच्या उपकरणांमुळे येणारा सततचा ‘हूं’ आवाज. सहा-तारी गिटार घेतलेला माणूस घुमणं वाढलं की अंग जरा वळवतो आणि ते कमी होतं. पेडल स्टील चार पायांवर उभं, समोर पेडलांची पट्टी. मंचावर ते वळवता येत नाही. म्हणून घुमण्याचा त्रास इथे खरा आहे.

तरी आधी जमीन, म्हणजे अर्थची जोडणी, तपासा. चेंजर, नेक, पिकअपची तळपट्टी आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यात मीटरने जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवेत. तारांना हात लावल्यावर घुमणं कमी होत असेल तर दोष बहुधा आवरणात किंवा जमिनीच्या जोडणीत आहे आणि तो पिकअप न बदलता सुधारतो. हात लावूनही फरक पडत नसेल तर ते ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, त्यावर पत्र्याचं किंवा तांब्याच्या फॉइलचं आवरण काही करत नाही. तिथे हमबकरच लागतो.

बिल लॉरेन्सचा एल-७१० आणि जॉर्ज एल्सचा ई-६६ हे त्या जातीचे, स्टीलवाल्यांच्या परिचयाचे पिकअप. वॉलेस ट्रूटोन हा सिंगल कॉइल, जुन्या आवाजाच्या जवळ राहू पाहणाऱ्यांसाठी. दर आठवड्याला वेगवेगळ्या मंचांवर वाजवत असाल तर हमबकर घ्या. घरी आणि स्टुडिओत वाजवत असाल तर मूळ सिंगल कॉइल ठेवा आणि बसण्याची जागा बदला. ‘टॅप’ असलेला पिकअप दिसला तर विचारून घ्या : टॅप म्हणजे एकाच कॉइलच्या मधून काढलेली तार, त्याने जोर कमी होतो, घुमणं जात नाही.

प्रश्न : डबल नेकवर एकच पिकअप बदलला. दोन्ही नेक एकत्र चालू केल्यावर फेज उलटी झाली तर?

उत्तर : फेज उलटी म्हणजे दोन पिकअपचे संकेत एकमेकांच्या विरुद्ध जाणं. पण दोन नेकवर तारा वेगवेगळ्या आहेत. एकाच तारेचा आवाज दोन पिकअप उचलत नाहीत, त्यामुळे सहा-तारी गिटारसारखा तो पोकळ होत नाही. उलट दुसऱ्या पिकअपचं गुंडाळणं विद्युतदृष्ट्या उलट असेल तर दोन्ही चालू असताना घुमणं बरंच कटतं. आवाज थोडा उतरेल, कारण दोन पिकअप एकमेकांवर भार टाकतात.

प्रश्न : नवा पिकअप बसवला, पण सहावी तार इतरांच्या वर ओरडते. पिकअप सदोष आहे का?

उत्तर : सहावी, म्हणजे खालचा जी शार्प, बहुतेक ०.०२० इंचाची साधी तार असते. पिकअपला फक्त पोलाद दिसतं, आणि साध्या तारेत ते भरपूर असतं. तिथे ०.०२२ ची वेढेवाली (गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली) तार लावली की तिचा गाभा बारीक, म्हणून ती लगेच नरम होते. पण एक लक्षात ठेवा : ती तार ओढणाऱ्या पेडलची आणि गुडघ्याच्या लिव्हरची ओढ पुन्हा जुळवावी लागते, कारण वेढेवाल्या तारेला तेवढाच स्वर बदलायला जास्त ओढ लागते. पहिल्यांदा बसाल तेव्हा वेळ राखून ठेवा.

तार बदलायची नसेल तर उंचीवर काम करा. पिकअप आणि तारा यांच्यात ३ ते ४ मिमी ठेवून सुरुवात करा. बार शेवटच्या फ्रेटच्या पुढे, थेट पिकअपवर आणून पाहा, तो पोलपीसना टेकता कामा नये. मग जाड तारांकडची बाजू अर्ध्या मिलीमीटरने खाली घ्या, प्रत्येक बदलानंतर व्हॉल्यूम पेडल एकाच जागी ठेवून सगळ्या तारा एकेक करून छेडा. पिकअप फार वर असेल तर चुंबक जाड तारा ओढून धरतात, दहावी तार छेडल्यावर स्वर हेलकावे खातो आणि ट्यूनरचा काटा स्थिरावत नाही. तसं दिसलं की दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा सोडा. पोलपीसना स्वतंत्र स्क्रू असतील तर सहाव्याचा तेवढा एक फेरा खाली घेऊन काम भागतं. कांड्या पक्क्या असतील तर त्या हातोडीने खाली ठोकू नका. जुन्या पिकअपमध्ये कॉइल थेट कांड्यांवर गुंडाळलेली असू शकते, आणि कांडी सरकली की सर्वांत आतला वेढा तुटतो.