क्रूगरच्या जंगलातला कंदील आणि घरची मुदत ठेव

सांगलीच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांना पती आणि कन्येसह दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात, वीज नसलेल्या साध्या तळावर तंबू ठोकून दहा रात्री राहायचे आहे. मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला प्राण्यांचा विलक्षण ध्यास आहे. एका सहल कंपनीने आलिशान लॉजमधील सहा रात्रींसाठी 9 लाख 60 हजार रुपये सांगितले. त्यांचा स्वतःचा अंदाज 4 लाख 93 हजारांचा आहे. 'म्हणजे साडेचार लाखांहून अधिक वाचतात. मग 5 लाखांची आपत्कालीन मुदत ठेव मोडून येत्या मे महिन्यात जावे का, की वैयक्तिक कर्ज घ्यावे, की मुलीच्या शिक्षणाच्या फंडातून काढावेत?' असे त्या विचारतात.

भगिनी, प्रवास अवश्य करावा असे माझे मत आहे. मात्र येत्या मे महिन्यात नव्हे, तर त्याच्या पुढच्या मे महिन्यात, आणि तोही थोडा बदलून.

प्रथम बचतीचा हिशेब पाहू. लॉजमध्ये आपण जाणारच नव्हता, त्यामुळे त्या रकमेशी तुलना करून निघालेले साडेचार लाख ही बचत नाही. आपल्या खात्यातून जाणार आहेत ते सुमारे 5 लाख, आणि ते कुठून येणार एवढाच खरा प्रश्न आहे.

आपल्या अंदाजात तळाचे भाडे दहा रात्रींचे 22 हजार रुपये धरले आहे आणि ते वास्तवाला धरून आहे. पण उद्यानात राहण्याच्या प्रत्येक दिवसाचे संवर्धन शुल्क त्यात नाही. परदेशी प्रौढाला ते दिवसाला सुमारे 600 रँड (तिथले चलन) पडते आणि बारा वर्षांखालील मुलांना निम्मे. रँडचा भाव 5 रुपये धरला, तर तिघांचे रोजचे साडेसात हजार आणि दहा दिवसांचे 75 हजार रुपये होतात, म्हणजे भाड्याच्या तिपटीहून अधिक. हे दर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बदलतात, म्हणून आरक्षण करताना ते पुन्हा तपासावेत. वाइल्ड कार्ड हे वर्षभराचे सदस्यत्व घेतल्यास रोजचे शुल्क वेगळे भरावे लागत नाही. तेव्हा दोन्ही आकडे शेजारी मांडून मगच निर्णय घ्यावा.

दुसरी गोष्ट वाहनाची. छतावर तंबू असलेल्या फोर-बाय-फोर गाडीसाठी आपण बारा दिवसांचे दीड लाख धरले आहेत. बोट्स्वानातील मोरेमी किंवा सावुतीच्या खोल वाळूत अशी गाडी लागतेच. क्रूगरचे मुख्य रस्ते मात्र डांबरी आहेत आणि बहुतेक कच्चे रस्तेही साध्या मोटारीने पार करता येतात. तिथे आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात. ही गाडी आपण रस्त्यासाठी नव्हे तर तंबूसाठी घेत आहात, आणि तंबूची गरजच काढून टाकता येते.

ऑलिफंट्स या मोठ्या कॅम्पपासून सुमारे अकरा किलोमीटरवर बालुले नावाचा छोटा, कुंपण घातलेला तळ आहे. तंबूंच्या जागांखेरीज तिथे तीन खाटांच्या सहा साध्या झोपड्या आहेत. वीज नाही, पंखा नाही, उजेडाला कंदील आणि स्वयंपाकघर सामायिक. आपल्या मुलीला जी रात्र हवी आहे, कुंपणापलीकडून तरसाचा आवाज यावा अशी, ती इथेही मिळते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याविना या झोपड्यांत राहणे कठीण जाईल. मे महिन्यात रात्री गार असतात. मोपानी कॅम्पजवळच्या त्सेंदझे तळावर केवळ तंबूंच्या जागा आहेत, म्हणून तो या खेपेस सोडावा.

बालुलेत चार रात्री आणि वीज असलेल्या मोठ्या कॅम्पमध्ये तीन रात्री असा बेत केला, तर माझी मांडणी अशी होते: विमान 1 लाख 95 हजार, साधी गाडी 60 हजार, निवास 45 हजार, इंधन व जेवण 55 हजार, व्हिसा व विमा 55 हजार, संवर्धन शुल्क साडेबावन्न हजार. बेरीज 4 लाख 62 हजार 500 होते. त्यावर दहा टक्के राखीव धरून 5 लाख 10 हजार हे उद्दिष्ट ठेवावे. ते आपल्या अंदाजापेक्षा अधिक आहे, पण यात शुल्क आणि अडीअडचण दोन्ही आली आहेत.

आता हे पैसे कुठून आणायचे ते पाहू. आपला घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिना 94 हजार होतात, म्हणजे 5 लाखांची ठेव जेमतेम पाच महिने पुरते. पतींची नोकरी खासगी आहे. ती ठेव मोडून अशा ठिकाणी जाणे मला अजिबात मान्य नाही. ऑलिफंट्सहून उद्यानाबाहेर पडण्याचे फालाबोर्वा गेट सुमारे 83 किलोमीटर आहे आणि डांबरी रस्त्यावरही वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटर आहे; रात्री कुणी आजारी पडले तर पैसे हाताशी असावेच लागतात. वैद्यकीय स्थलांतराचा खर्च देणारा प्रवास विमा म्हणूनच घ्यावा. भाड्याच्या गाडीचा विमा असला तरी टायर आणि काच त्यातून अनेकदा वगळलेली असतात, हेही करार वाचून पाहावे.

वैयक्तिक कर्ज 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी 5 लाखांचे घेतले, तर हप्ता सुमारे 16 हजार 850 येतो आणि व्याजच 1 लाख 6 हजार जाते. मुलीच्या फंडातून 5 लाख काढले, तर 10 टक्के वार्षिक वाढ गृहीत धरता (ही हमी नव्हे) आठ वर्षांनी तिच्या प्रवेशाच्या वेळी सुमारे 10 लाख 70 हजार कमी पडतील. तिच्याच आनंदासाठी तिच्याच शिक्षणाला हात लावू नये.

आपल्याकडे दरमहा 35 हजार शिल्लक राहतात. त्यातले 25 हजार अठरा महिने आवर्ती ठेवीत टाकले, तर साडेचार लाख होतात. आपण कळवलेला 60 हजारांचा दिवाळी बोनस धरला की 5 लाख 10 हजार पूर्ण होतात आणि व्याज वर राहते. इतक्या कमी मुदतीचे पैसे शेअर बाजाराशी निगडित फंडात ठेवू नयेत.

अठरा महिन्यांपलीकडे मात्र थांबू नये, याला कारण आहे. मुलीला त्या वेळी बारा पूर्ण झालेली नसतील. बारा पूर्ण झाली की विमानाचे तिकीटही प्रौढाचे आणि उद्यानाचे शुल्कही प्रौढाचे. शिवाय त्यानंतर नववी-दहावी जवळ येते.

परदेशात क्रेडिट कार्ड वापरल्यास बहुतेक बँका सुमारे साडेतीन टक्के जादा आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेतात, म्हणून फॉरेक्स कार्डाचा (आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डाचा) दर विचारून घ्यावा. पॅकेज घेतले असते तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा करायचा आयकर, कापला गेला असता. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर रक्कम अडकते. मे महिन्यात तिथे हिवतापाचा धोका पूर्णपणे संपलेला नसतो, त्यामुळे मुलीच्या वजनानुसार गोळ्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात.

आरक्षण साधारण अकरा महिने आधी खुले होते, म्हणजे येत्या जूनमध्ये. झोपड्या फक्त सहा आहेत, म्हणून त्या दिवशी सकाळीच ते करावे. तोवर आवर्ती ठेवीत पावणेदोन लाख जमलेले असतील. तिला हात न लावता निवासाचे पैसे महिन्याच्या उरलेल्या 10 हजारांतून बाजूला काढत राहावेत. या आठवड्यात ठेव उघडावी आणि तिघांच्या पासपोर्टची मुदत पाहावी.