ट्रिस बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच हिशेबाने ७.५ यायला हवा होता, मीटर ७.७ दाखवतो. मीटर बिघडलाय का?

बहुधा नाही. आधी सांगा, मोजताना द्रावण किती अंशांवर होतं? तुम्ही हिशेबात धरलेला ८.०७ हा पीकेए (ज्या पीएचला ट्रिसचे निम्मे रेणू आम्लरूपात असतात तो) २५ अंशांचा. तापमान एक अंश उतरलं की ट्रिसचा पीकेए साधारण ०.०२८ ने चढतो, आणि बफरचा पीएचही त्याच्यासोबत. खोली १८ अंशांवर असेल तर तुमचा ०.२ तिथेच सापडला.

मला हे तोंडपाठ आहे, कारण याच्यापायी माझे तीन आठवडे गेलेत. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एक प्रथिन शुद्ध करत होतो, पीआय (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य असतो तो) ७.८ च्या आसपास. बेत साधा होता: ७.५ च्या ट्रिसमध्ये ॲनायन एक्स्चेंज कॉलम (ऋणभाराचे रेणू धरून ठेवणारी नळी), नको ती प्रथिनं चिकटतील, माझं सरळ खाली येईल. बफर बाहेर टेबलावर जुळवला, कॉलम मात्र ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये. खाली आलेल्या द्रावणात प्रथिन औषधालाही नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आत बफर ८.१ झाला होता, प्रथिनावरचा भार उलटला होता आणि ते कॉलमला धरून बसलं होतं.

शंका आली तेव्हा मी सीनियरना म्हटलं, बफर थंड करूनच जुळवायला हवा. सगळ्यांसमोर हसले. "मीटरमध्ये तापमानाची भरपाई असते रे, ती कशाला दिलीय?" अहो, ती भरपाई इलेक्ट्रोडची, म्हणजे द्रावणात बुडवायच्या प्रोबची! २५ अंशांना एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट, ४ अंशांना ५५, एवढंच मीटर सावरून घेतो. बाटलीत ट्रिस आहे की आणखी काही, याचा त्याला पत्ता नसतो. हे तेव्हा मला बोलता आलं नाही. पुढे बफर आणि प्रोब दोन्ही कोल्ड रूममध्ये नेले, कॅलिब्रेशनही (ठाऊक पीएचच्या बफरांवर मीटर लावून घेणं) तिथेच केलं, आणि प्रथिन पहिल्या खेपेलाच खाली आलं. सीनियर म्हणाले, "कॉलम नवा असेल." कॉलम तोच होता.

तेव्हा ज्या तापमानाला वापरणार, त्याच तापमानाला जुळवा. ॲसिडने द्रावण तापतं. ते निवल्यावरच शेवटचे थेंब टाका. ॲसिड जास्त झालं तर सोडियम हायड्रॉक्साइड घालून मागे आणू नका, उगाच मीठ वाढतं. ५० मिलिमोलरच्या लिटरभराला ६.०६ ग्रॅमच ट्रिस लागतं, पुन्हा वजन करून नव्याने बनवा.

हां, कॅलिब्रेशनचे बफर जुने असतील तर मीटरही खोटं बोलू शकतो, ते तपासा. आणि फॉस्फेट वापरत असाल तर तापमानाचं वरचं पुराण सोडा. तिथे फरक नगण्य. हिशेब फसतो तो आयनांच्या गर्दीमुळे, पुस्तकातला ७.२ हा पीकेए प्रत्यक्षात ६.८ कडे सरकतो.

बाटलीवर नुसतं 'पीएच ७.५' लिहू नका, किती अंशांना तेही लिहा. आमच्या सीनियरांच्या बाटल्यांवर ते कधीच नसायचं.