आधी पान पाठव

प्रिय,

तुझा निरोप दोनदा ऐकला. ऑप्शनल कोणता घेऊ, क्लास कुठला लावू, उत्तरं मराठीत लिहू की इंग्रजीत, राज्यसेवा मुख्य परीक्षेचा नवा, लेखी उत्तरांचा पॅटर्न पुन्हा पुढे ढकलतील का, आणि अगदी शेवटी, आवाज खाली आणून, 'सर, राज्यसेवा सोडून कम्बाइनकडेच, म्हणजे संयुक्त परीक्षेकडेच वळू का?' एवढं सगळं विचारलंस, पण सध्या तू काय लिहितेस, किती लिहितेस, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून मी तेवढंच सांगणार आहे, आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. रोज एक पान, हातानं, स्वतःच्या वाक्यात. बाकीचं नंतर.

तुझी चिडचिड मला कळते. राज्य लोकसेवा आयोगाचे जुने पेपर तू कोळून प्यायली आहेस. चारपैकी दोन पर्याय कसे उडवायचे, चुकलं तर पाव गुण जाणार असताना कुठे धाडस करायचं, हे तुला झोपेतही जमतं. आणि आता मुख्य परीक्षेतले पर्यायच काढून घेतले. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे. शिवाय मराठी आणि इंग्रजीचे ३००-३०० गुणांचे पेपर नुसते पात्र ठरायला. १७५० लेखी, २७५ मुलाखत. आधीच्या ८०० गुणांच्या मुख्य परीक्षेवर वाढलेल्या माणसाला धडकी भरणारच.

पण 'अचानक' हा शब्द वापरू नकोस. निर्णय २०२२ चा. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, त्यात तूही होतीस, फोटो पाठवला होतास. मागणी रास्त होती, मी तेव्हाही म्हणालो होतो. ज्यांची सगळी तयारी एका पद्धतीची, त्यांना वेळ मिळायला हवा. वेळ मिळाला. नवी पद्धत २०२५ पासून, असं आयोगानं जाहीर केलं. मग त्या मधल्या काळात किती पानं लिहिलीस? रागावू नकोस, पण हे मी विचारणारच. मुदत मागितली लिहायला शिकण्यासाठी आणि खर्च केली उरलेल्या वस्तुनिष्ठ परीक्षांवर. अभ्यासिकेत सगळ्यांनी हेच केलं म्हणशील. त्यांची पत्रं मला येत नाहीत, तुझं येतं.

मी या गोष्टीकडे उलट्या बाजूनं आलोय. आम्ही तयारीला लागलो तेव्हा मुख्य परीक्षा वर्णनात्मकच होती, वैकल्पिक विषयांसह. माझा इतिहास होता, वह्यांची चळत लागली होती. २०१२ ला सामान्य अध्ययनाचे पेपर वस्तुनिष्ठ झाले, वैकल्पिक विषय गेले. खोलीतल्या मित्रानं वह्या रद्दीत घातल्या आणि प्रश्नसंच आणले. शहाणपणा केला त्यानं. मीही प्रश्नसंच सोडवायचो, पण रात्रीचं पान सोडलं नाही. विषय परीक्षेत नसला तरी लिहायचो. तो उपजिल्हाधिकारी झाला. मी नायब तहसीलदार, तेही त्याच्या बऱ्याच मागून. पानावर गेलेला तो तास प्रश्नसंचांना दिला असता तर, असं घरचे अजून विचारतात. झोप नाही लागली की मीही विचारतो. वर्ग एकच्या निवडयाद्या लागायच्या तेव्हा ओळखीचं पहिलं नाव दिसलं की मी यादी मिटून ठेवायचो. ते दुःख पदोन्नतीनं तहसीलदार झालो तरी गेलं नाही.

तरी म्हणतो, लिही.

खुर्चीत बसल्यावर समोर चार पर्याय येत नाहीत गं. माझ्याकडे सगळ्यात चिवट भांडणं रस्त्यांची. एक म्हणतो वहिवाटीचा रस्ता अडवला, दुसरा म्हणतो इथे रस्ता कधी नव्हताच. असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. हे तू एका संध्याकाळी पाठ करशील. पण स्थळपाहणीत काय दिसलं, कुणाचं म्हणणं का मान्य केलं, कुणाचं का नाही, हे हरलेल्या शेतकऱ्यालाही पटेल अशा भाषेत लिहायचं असतं, तिथे मागच्या प्रकरणातून उचललेला मजकूर चालत नाही. कारणं न देता काढलेला आदेश अपिलात टिकत नाही, प्रकरण फेरचौकशीला परत येतं, आणि तोवर पेरणी होऊन गेलेली असते. मधली काही वर्षं माझ्या आदेशांवरची अपिलं त्याच मित्राकडे जायची, तो प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी होता. एकदा म्हणाला, 'तुझा आदेश असला की मला फारसं लिहावं लागत नाही.' हे तुला का सांगतोय? त्या रात्रींचा हिशेब मला कुठेतरी लावायचाच असतो, म्हणून. जाऊ दे.

तुझ्याकडे येतो. तुझा खरा घोटाळा असा आहे की वाचलं की आलं, असं तुला वाटतं. आमच्याकडे गावात पीक किती आलं हे पैसेवारीनं ठरतं. आधी नजर पैसेवारी काढतात, पीक डोळ्यानं बघून. मग पीक कापून, तोलून अंतिम पैसेवारी ठरते, आणि दोन्हींत फरक पडू शकतो. तुझं अजून सगळं नजर पैसेवारीवर चाललंय. पंचायत राजची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती कधी अमलात आली? २४ एप्रिल १९९३, तू पटकन सांगशील. अकराव्या अनुसूचीत किती विषय? २९. छान. आता हा प्रश्न घे: ते २९ विषय पंचायतींकडे द्यायचे की नाहीत, हे घटनेनं राज्यांवर सोपवलं, त्याचा तुमच्या गावाच्या ग्रामसभेवर काय परिणाम झाला? पुस्तक मिटून लिही. तिसऱ्या वाक्याला पेन अडेल. अडू दे. तिथेच तुला कळेल की काय माहीत आहे आणि काय नुसतं ओळखीचं आहे. पर्याय समोर असले की ओळखीवर भागतं.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस प्रश्न असतात, दहा दीडशे शब्दांचे आणि दहा अडीचशेचे. म्हणजे एका प्रश्नाला नऊ मिनिटं आणि एकूण चार हजार शब्द. आपली नवी पद्धत त्याच धर्तीवर आहे. नऊ मिनिटांत विचार करून लिहायचा वेग कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही. तिथे उत्तरांचे नमुने मिळतात, आणि तू ते पाठ करशील, तुला मी ओळखतो. 'प्रस्तावना, मुख्य भाग, पुढील दिशा' अशी एकाच साच्यातली उत्तरं तपासणाऱ्यासमोर गठ्ठ्यानं येणार आहेत. त्यात तुझं एक वाक्य तुझं असलं पाहिजे.

तपासणाऱ्याच्या मर्जीची भीती वाटते म्हणालीस. ती खोटी नाही. यंत्र उत्तरपत्रिका तपासतं तेव्हा हात सगळ्यांना सारखा लागतो, माणसाचा तसा लागत नाही. पण वस्तुनिष्ठ पद्धतीतही पहिली उत्तरतालिका, हरकती, दुसरी तालिका, रद्द झालेले प्रश्न आणि मग न्यायालय, हे तू भोगलंच आहेस. कुठलीच पद्धत तुला न्यायाची हमी देणार नाही. मराठीतच लिही, हे विचारायची गरजच नव्हती. ज्या भाषेत तू मला एवढा लांबलचक, गोड राग बोलून दाखवलास, त्या भाषेत तुला शब्द कमी पडणार नाहीत.

आणि कम्बाइन. फौजदार व्हायची इच्छा असेल तर खुशाल जा, मी पेढे खाईन. पण केवळ तिथली मुख्य परीक्षा अजून वस्तुनिष्ठ आहे म्हणून जात असशील तर ऐक: पंचनामा काय गोल काळे करून होतो?

पुढचे सात दिवस मला फोन करू नकोस. रोजच्या पानाचा फोटो पाठव, खाडाखोडीसकट. पुन्हा सुवाच्य करून लिहिलेलं पान मी वाचणार नाही. मी लाल पेननं खुणा करून परत पाठवीन, आणि त्या तुला आवडणार नाहीत.

तुझा,
सर

ता. क. ऑप्शनलचं: तुझ्या यादीतल्या तिन्ही विषयांवर एकेक पान लिही, पुस्तक न उघडता. तिन्ही पानं एकत्र पाठव, विषयाचं नाव वर घालू नकोस. वाचून मी सांगतो कुठला घ्यायचा.