डेन्मार्कचा कान

प्रश्न असा आहे: ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात मेलेल्या राजाचं भूत म्हणतं, की माझ्या मृत्यूची खोटी हकीकत पसरवून डेन्मार्कच्या अख्ख्या कानाला फसवलं गेलं. देशाला कान कसा? ही चेतनगुणोक्ती (निर्जीवाला सजीवाचे गुण देणारा अलंकार) मानायची, की आपल्या ‘कान भरणे’सारखा वाक्प्रचार?

अलंकाराचं नावच हवं असेल तर चेतनगुणोक्ती चालेल. मला लक्षणा जास्त पटते, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणं. ‘मंच ओरडताहेत’ म्हणजे मंचावरची माणसं ओरडताहेत, हे संस्कृत शास्त्रकारांचं लाडकं उदाहरण. तसाच डेन्मार्कचा कान म्हणजे तिथली ऐकणारी प्रजा. पण एवढ्यावर थांबलात तर त्या ओळीतलं विष निसटेल.

विष हा शब्द मुद्दाम वापरला. राजा बागेत झोपला असताना त्याला साप चावला, असं प्रजेला सांगितलं गेलंय. घडलं ते असं, की तो झोपलेला पाहून भाऊ क्लॉडियस चोरपावलांनी आला आणि कुपीतला विषारी रस त्याच्या कानात ओतला. भुताच्या तोंडी ‘कानांच्या ओसरीत’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मग दुधात आंबट थेंब पडावा तसं रक्त साकळलं आणि नितळ अंगावर महारोग्यासारखी खपली धरली. राजाच्या कानात रस, प्रजेच्या कानात सापाची थाप. ओतणारा एकच, वाटही एकच, आणि दोन्ही गोष्टी एकाच भाषणात.

‘कान भरणे’ यात कुणाविरुद्ध तरी चहाडी लागते. तो अर्थ ‘ऑथेल्लो’ नाटकातल्या खलनायकाला, इयागोला, चपखल बसतो. ऑथेल्लोच्या कानात मी ही रोगराई ओतीन, असं तो स्वतःच म्हणतो. ‘हॅम्लेट’मध्येही तशी एक जागा आहे, चौथ्या अंकात. दरबारी पोलोनियस हॅम्लेटच्या हातून मारला गेल्यावर क्लॉडियस कुरकुरतो, की बापाच्या मृत्यूबद्दल त्याचा मुलगा लेअर्टीझ याच्या कानाशी गुणगुणून त्याला बिघडवणाऱ्यांची वाण नाही. बोलतंय कोण, बघा! ज्यानं खरोखरीच कानात विष घातलं, तोच.

एकदा कान टवकारले की ते सगळीकडे ऐकू येतं. पहिल्याच प्रवेशात भूत पाहिलेला पहारेकरी बर्नार्डो हॅम्लेटच्या मित्राला, होरेशिओला, म्हणतो, आमच्या हकिकतीविरुद्ध तू कानांना तटबंदी केली आहेस, तिच्यावर पुन्हा हल्ला करू दे. हॅम्लेटची आई गर्ट्रूड, तिला मुलाचे शब्द कानात सुऱ्यांसारखे शिरतात. पोलोनियस पडद्याआड कान लावून उभा असतो म्हणूनच मरतो. हॅम्लेट दरबारात करवतो त्या नाटकातल्या नाटकातही विष कानातच ओततात, आणि तेवढ्यावर क्लॉडियस उठून जातो. समीक्षक कॅरोलाइन स्पर्जन यांनी 1935 साली शेक्सपिअरच्या प्रतिमांची मोजदाद प्रसिद्ध केली, तिच्यात ‘हॅम्लेट’वर रोग, व्रण, गळू यांचा वरचष्मा दिसतो. त्या रोगाचा शिरकाव कानातून होतो, असं मी पुढे जोडेन.

शोकांतिकेत इंद्रियाचा शब्द आधी बोलण्यात येतो आणि मग देहावर येऊन आदळतो. सोफोक्लीजचा ईडिपस आंधळ्या द्रष्ट्या टायरेसियसला हिणवतो: तू कानांनी, बुद्धीनं आणि डोळ्यांनीही आंधळा! पुढे बायको योकास्टाच्या वस्त्रावरच्या पिना उपसून तो स्वतःचेच डोळे फोडतो, आणि वर म्हणतो, ऐकणं बंद करता आलं असतं तर तेही केलं असतं. शिवी जशीच्या तशी परत. ‘किंग लिअर’मध्ये म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरचे डोळे काढल्यावर लिअरची मुलगी रीगन म्हणते, हाकला याला, वास घेत जाईल डोव्हरला. क्रौर्य त्या ‘वास’मध्ये आहे, माणसाचं कुत्रं करून टाकलंय.

मात्र प्रत्येक अवयवात असं काही शोधत बसू नये. ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरच्या खुनानंतर त्याचा मित्र अँटनी रोमच्या लोकांकडे कान मागतो, तो फक्त ‘लक्ष द्या’ इतकाच. त्या नाटकात पाहायच्या त्या जखमा. सीझरच्या प्रेताशी अँटनी एकटा असतो तेव्हा त्याला त्या मुक्या तोंडांसारख्या दिसतात. मग तो जमावासमोर प्रेतावरचं वस्त्र बाजूला करतो आणि म्हणतो, मी (खुन्यांपैकी एक असलेल्या) ब्रूटससारखा वक्ता असतो तर यातल्या प्रत्येक जखमेत जीभ घातली असती, रोमचे दगडसुद्धा उठले असते. दगडांचं माहीत नाही, माणसं मात्र लगेच घरं जाळायला निघतात.