एक्स्टेंशन राहू द्या, आधी ॲड्रेस बार वापरा

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत : भाषांतराचं काम करताना चाळीस-पन्नास टॅब उघडे राहतात, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप दुपारपर्यंत मान टाकतो, आणि टॅब झोपवणारं, म्हणजे न वापरलेले टॅब मेमरीतून बाजूला काढणारं, चांगलं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) कोणतं. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. कोणतंही नको.

याच कामाचं 'द ग्रेट सस्पेंडर' एके काळी जो तो सुचवायचा. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या हाती दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर ठरवून ते बंद केलं. त्यात झोपलेले टॅब परत मिळवताना लोकांच्या नाकी नऊ आले. सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायची आणि बदलायची परवानगी आपण अशा एक्स्टेंशनला एकदा देऊन टाकतो, पुढे मालक बदलला तरी ती तशीच राहते. तुमच्याकडे क्लायंटची कागदपत्रं असतात, तेव्हा हा धोका कशाला?

शिवाय ती सोय आता ब्राउझरमध्येच आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली मेमरी सेव्हर, एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज. क्रोममध्ये ज्या साइट जाग्या राहायला हव्यात त्यांची यादीही देता येते. तुमचं ऑनलाइन भाषांतराचं पोर्टल त्यात टाकून ठेवा, नाहीतर जेवून आल्यावर पान पुन्हा लोड होत बसेल.

पण झोपवण्याआधी खादाड कोण ते बघा. ब्राउझर उघडा असताना शिफ्ट + एस्केप दाबा. क्रोम आणि एजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो, फायरफॉक्समध्येही तशीच यादी येते. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की जड टॅब वर येतात. बहुतेक वेळा पन्नासातले तीन-चारच निघतात : एखादं मोठं ऑनलाइन शीट, व्हॉट्सॲप वेब, जाहिरातींनी लडबडलेली बातम्यांची साइट. शब्दकोशाची पाच साधी पानं बंद करून काही होत नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार.

आता मुळाकडे. इतके टॅब उघडतात कशामुळे? माझा अंदाज, प्रत्येक शब्दामागे कोश उघडायचा, त्यात शोधायचं आणि 'परत लागेल' म्हणून तसाच ठेवायचा. इथे ॲड्रेस बार, म्हणजे ब्राउझरची वरची पत्त्याची पट्टी, कामाला लावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे. तिथे कुठलाही एक शब्द शोधा, निकाल आला की वरचा पत्ता कॉपी करा. आपला शब्द त्या पत्त्यात कुठेतरी असतो. मराठी शब्द असेल तर टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते, म्हणून हा प्रयोग इंग्रजी अक्षरांतल्या शब्दाने करा. त्या शब्दाच्या जागी % आणि त्याला चिकटून इंग्रजीतला छोटा एस टाका; पुढे तुम्ही टाइप केलेला शब्द ब्राउझर तिथे बसवतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनखाली साइट सर्चमध्ये 'ॲड' करून हा पत्ता द्या आणि शॉर्टकट म्हणून इंग्रजीत 'एमओ' ही दोन अक्षरं. पुढे कंट्रोल + एल, एमओ, टॅबची कळ, शब्द, एंटर. माउसला हात न लावता कोश उघडतो. मधे कीबोर्ड मराठी करायला विंडोज + स्पेस. फायरफॉक्समध्ये तोच पत्ता बुकमार्क करून त्याला कीवर्ड द्यायचा; तिथे टॅबच्या कळीऐवजी स्पेस, बाकी तसंच. दाते-कर्वे कोशही त्याच साइटवर आहे, त्यालाही वेगळा शॉर्टकट द्या. काही साइट शोधलेला शब्द पत्त्यात दाखवतच नाहीत. तिथे ही युक्ती चालत नाही, साधा बुकमार्क करा.

उघडा टॅब शोधायलाही हीच पट्टी. फायरफॉक्समध्ये % आणि स्पेस देऊन दोन अक्षरं टाइप करा, फक्त उघडे टॅब दिसतात. * दिलात तर बुकमार्क, ^ दिलात तर हिस्टरी. क्रोममध्ये कंट्रोल + शिफ्ट + ए. टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल + शिफ्ट + टी तुम्हाला माहीत असेलच. हाताला त्याची सवय झाली की टॅब बंद करायची भीती जाते, हा त्याचा खरा फायदा.

जाता जाता भाषांतरवाल्यांसाठी एक. जुन्या सरकारी पीडीएफमध्ये डोळ्यांना दिसणारा शब्द कंट्रोल + एफने सापडत नसेल, तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. गिचमिड आली तर फाइल बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे, म्हणजे आजच्या मराठी टायपिंगशी तिची अक्षरं जुळत नाहीत, शोधण्यात वेळ घालवू नका. ओळ निवडताच येत नसेल तर ते नुसतं स्कॅन आहे.

घरचं आणि कामाचं वेगळं करायला क्रोममध्ये दोन प्रोफाइल पुरतात. कामाच्या प्रोफाइलमध्ये नोटिफिकेशनची परवानगी सरसकट बंद. जाहिराती रोखायला मात्र एक एक्स्टेंशन मीही ठेवतो : फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, क्रोमवर आता त्याची लाइट आवृत्तीच चालते.

रॅम वाढवायचा निर्णय आठवडाभर थांबवा. दुपारी लॅपटॉप अडखळला की शिफ्ट + एस्केपचा स्क्रीनशॉट घ्या. क्लायंटचं नाव झाकून इथे टाका, मग सोळा जीबी घ्यायचे की नाही ते बघू.